हिशेबाची वही कॉम्प्युटरात, पण सगळं बियाणं एकाच कणगीत नको



पिकाचा हिशेब कॉम्प्युटरवर कसा ठेवावा हे आपल्या कार्यक्रमात सांगितल्यापासून एक प्रश्न वारंवार येतो. "साहेब, हिशेब मांडायला पोरगी शिकली, पण यंत्रच बंद पडलं तर पुढं काय?" प्रश्न रास्त आहे. रेडिओवर ऐकलेलं कानाआड होतं, म्हणून हिशेब कसा मांडावा आणि यंत्र अडलं तर काय करावं, या दोन्ही गोष्टी या पत्रिकेत दिल्या आहेत. पत्रिका कॉम्प्युटरच्या शेजारी खिळ्याला अडकवून ठेवावी. यंत्र बंद असेल तेव्हाच तिची गरज लागणार आहे.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. एका बागायतदार कुटुंबाने डाळिंबाचा तीन वर्षांचा खर्च कॉम्प्युटरवर लिहिला होता. बाग ठेवावी की काढावी, यावर दोघा भावांत वाद चालला होता. धाकटा म्हणे, "हिशेब काढू, मग ठरवू." हिशेब काढायच्या दिवशी यंत्र सुरूच होईना. पंखा फिरे, पण पडदा काळा. तालुक्याच्या दुकानात नेलं. तिथे सांगितलं, "फॉरमॅट मारावं लागेल." भाऊ म्हणाले, "मारा." यंत्र सुरू होऊन घरी आलं, पण आत हिशेबाचं एक अक्षर नव्हतं. दुकानाच्या पावतीवर लिहिलं होतं, 'रॅम साफ केली, विंडोज टाकले.' मूळ दोष धुळीचा होता. तो पाच मिनिटांत आणि खोडरबराने निघाला असता. तीन वर्षांचा हिशेब मात्र फॉरमॅटपायी गेला.

तुमच्या घरी असं होऊ नये, एवढ्यासाठीच हा लेख.

हिशेब कशासाठी?

आपण हिशेब ठेवतो तो बहुधा दुकानदाराच्या उधारीचा. पिकाचा हिशेब वेगळा. एक क्विंटल माल पिकवायला आपल्याला किती पडलं, हे त्यातून कळलं पाहिजे. समजा, एक एकर सोयाबीन आहे. खालचे आकडे केवळ नमुन्याचे आहेत, आपले आकडे आपण घालावेत.

नांगरट व पाळ्या ३,२०० रुपये
बियाणे व बीजप्रक्रिया ३,००० रुपये
पेरणी १,००० रुपये
खते २,८०० रुपये
तणनाशक व फवारण्या ३,००० रुपये
खुरपणी २,००० रुपये
काढणी ४,००० रुपये
मळणी १,६०० रुपये
वाहतूक, हमाली, तोलाई ९०० रुपये
एकूण खिशातून गेले २१,५०० रुपये

उत्पादन आले ८ क्विंटल आणि दर मिळाला ४,००० रुपये, तर हातात ३२,००० रुपये आले. खिशातला खर्च वजा जाता १०,५०० रुपये उरले. गडी खूश. पण घरच्या माणसांनी १४ दिवस काम केलं, त्याचं काय? रोज ३०० रुपये धरले तर ४,२०० रुपये झाले. आता उरले ६,३०० रुपये. तेच रान खंडाने दिलं असतं तर समजा ८,००० रुपये मिळाले असते. तेही धरलं तर शिल्लक राहत नाही, उलट १,७०० रुपयांचा तोटा दिसतो.

सरकारचा कृषी खर्च व मूल्य आयोगही खर्च असाच पायरीपायरीने मोजतो. प्रत्यक्ष गेलेला खर्च म्हणजे ए-२, त्यात घरच्या मजुरीचं मोल मिळवलं की ए-२ अधिक एफएल, आणि स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलाचं व्याज मिळवलं की सी-२. हमीभावाची चर्चा ऐकताना ही अक्षरं कानावर येतात, ती हीच. आपल्या घरचा ए-२ आणि सी-२ आपल्याला ठाऊक असेल, तर कोणतं पीक ठेवायचं आणि कोणतं सोडायचं हे भांडणाशिवाय ठरतं.

रकान्यांचा तक्ता

हे काम ज्यात होतं त्याला इंग्रजीत स्प्रेडशीट म्हणतात. गावात सगळे एक्सेल म्हणतात. लिबरऑफिस कॅल्क हा तसाच कार्यक्रम मोफत मिळतो. घरगुती कॉम्प्युटरवरचा असा पहिला कार्यक्रम व्हिसिकॅल्क. तो १९७९ साली अमेरिकेत डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांनी आणला. फळ्यावरच्या कोष्टकात एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा मांडावे लागत. ती पुसापुशी वाचावी हा त्यामागचा विचार. आजही या तक्त्याचा खरा फायदा तोच आहे. मजुरीचा दर बदला, खालची सगळी बेरीज आपोआप बदलते.

तक्त्यात आडव्या ओळींना आकडे असतात आणि उभ्या रकान्यांना इंग्रजी अक्षरं असतात. ओळ व रकाना जिथे मिळतात ती चौकट. एका कृषी वर्षाची एक फाईल करावी. ३१ मार्चला पीक अर्धवट कापू नये. पेरणीपूर्व मशागतीपासून विक्रीपर्यंत एक हिशेब धरावा. ऊस, डाळिंब अशा लांब मुदतीच्या पिकांची फाईल वेगळी असावी. खर्चाच्या पानावर हे दहा रकाने पुरेत:

ए – तारीख
बी – शेत किंवा गट क्रमांक
सी – पीक
डी – काम (नांगरट, फवारणी, काढणी)
ई – तपशील
एफ – परिमाण (किती किलो, किती तास, किती दिवस)
जी – दर
एच – रक्कम
आय – रोख, उधार की घरची मजुरी
जे – पावती क्रमांक

नियम एकच. एका ओळीत एक खर्च. "खत आणि फवारणी मिळून ५,०००" असं लिहिलं की पुढे कशाला किती गेलं ते सापडत नाही. विक्रीसाठी त्याच फाईलमध्ये दुसरं पान करावं. त्यात तारीख, पीक, वजन, दर आणि रक्कम लिहावी. हमाली-तोलाई एकतर खर्चात धरावी किंवा विक्रीतून वजा करावी. दोन्हीकडे धरू नये.

आता सूत्र. चौकटीत पहिलं चिन्ह बरोबरचं दिलं की यंत्राला कळतं, हे गणित आहे. एच रकान्यात दुसऱ्या ओळीला =एफ२*जी२ लिहा. इथे छापताना नागरी अक्षरं वापरली आहेत, यंत्रावर अक्षरं आणि आकडे इंग्रजी टाइप करावेत. परिमाण गुणिले दर, रक्कम तयार. ही चौकट खाली ओढली की प्रत्येक ओळीला तेच सूत्र लागतं. सगळ्याची बेरीज =सम(एच२:एच५००). ती रकान्याच्या बाहेर, बाजूच्या चौकटीत घ्यावी, म्हणजे नव्या ओळी लिहायला अडचण होत नाही. 'सम' म्हणजे एस, यू, एम.

एकट्या सोयाबीनची बेरीज हवी तर 'समइफ' हे सूत्र आहे. त्याला तीन गोष्टी सांगाव्या लागतात. कुठे शोधायचं, म्हणजे सी रकाना. काय शोधायचं, म्हणजे "सोयाबीन". आणि कशाची बेरीज करायची, म्हणजे एच रकाना. याच तीन गोष्टी याच क्रमाने कंसात द्याव्यात.

वीजबिल, ट्रॅक्टरचं डिझेल, पंपाची दुरुस्ती असे सामाईक खर्च पीक म्हणून 'सामाईक' या नावाने लिहावेत. हंगाम संपला की पाण्याच्या तासांवर किंवा एकरांवर ते वाटून द्यावेत.

बेरीज चुकते कुठे?

(१) चौकटीत "रु. ५००" किंवा "५०० रुपये" असं हाताने लिहिलं की यंत्र तो आकडा धरत नाही, अक्षरं धरतं आणि बेरजेतून सोडून देतं. नुसता आकडा लिहावा. ओळखायची खूण सोपी आहे. आकडा चौकटीत उजवीकडे सरकतो, अक्षरं डावीकडे राहतात.

(२) "सोयाबीन" आणि "सोयाबिन" ही यंत्राच्या लेखी दोन पिकं आहेत. शब्दामागे एक मोकळी जागा राहिली तरी तिसरं पीक झालं. त्यासाठी पिकांची नावं यादीतून निवडायची सोय करून घ्यावी. एक्सेलमध्ये तिला डेटा व्हॅलिडेशन म्हणतात. घरातल्या कॉलेजच्या मुलाला सांगा, तो करून देईल.

(३) ०५/०६ ही ५ जून की ६ मे, हे यंत्राच्या देश-सेटिंगवर ठरतं. पहिल्याच दिवशी १३ च्या पुढची एखादी तारीख, जसं २५/०६, लिहून पाहा. ती उजवीकडे सरकली तर यंत्र दिवस आधी धरतंय. डावीकडे राहिली तर सेटिंग बदलून घ्या.

(४) चौकटीत आकड्याऐवजी जाळीच्या खुणा दिसल्या तर घाबरू नका. आकडा गेलेला नाही. रकाना अरुंद पडलाय, तो रुंद करा.

(५) तारखेप्रमाणे लावून घेताना एकटा तारखेचा रकाना निवडू नका. तारखा हलतात आणि खर्च जागीच राहतो. आजची फवारणी परवाच्या नांगरटीला जाऊन चिकटते. पूर्ण तक्ता निवडूनच क्रम लावावा. चूक झालीच तर लगेच कंट्रोल व झेड दाबावे, मागचं परत येतं.

लिहिताना अधूनमधून कंट्रोल व एस दाबून फाईल जतन करत जा. लाईट कधी जाईल याचा भरवसा आपल्याइतका कोणाला ठाऊक?

यंत्र अडलं तर काय करावं?

जनावर आजारी पडलं की आपण आधी चारा, पाणी, रवंथ बघतो. एकदम डॉक्टरकडे धावत नाही. इथेही तसंच. सोप्यापासून सुरुवात करावी.

यंत्र मुळीच सुरू होत नाही, दिवाही लागत नाही. आधी त्याच बोर्डात मोबाईलचा चार्जर लावून वीज आहे का ते पाहा. यूपीएस चालू आहे का, मागच्या बाजूची पिन घट्ट आहे का, पेटीच्या मागचं छोटं बटण बंद तर नाही ना, हे पाहा. मग पिन काढून सुरू करायचं बटण १५-२० सेकंद दाबून धरा. पुन्हा पिन लावा आणि सुरू करा. बऱ्याच वेळा एवढ्याने काम होतं.

पंखा फिरतो, पण पडदा काळा. पडद्याची वायर दोन्ही टोकांना घट्ट करा. पडद्याचा स्वतःचा दिवा लागलाय का बघा. पेटीतून "टूं टूं" असा आवाज येत असेल तर बहुधा रॅमची पट्टी सैल किंवा मळलेली आहे. वीज पूर्ण बंद करून पिन काढा. पेटीचं झाकण उघडा आणि लोखंडी भागाला हात लावून अंगातली वीज उतरवा. पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या सोडून पट्टी काढा. तिच्या सोनेरी दातांवरून पेन्सिलीचं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, भुसा झटका आणि खिट्टी "टक्" वाजेपर्यंत पट्टी परत बसवा. डाळिंबवाल्या भावांच्या घरचा दोष हाच होता.

दर वेळी तारीख जुनीच दाखवतो. आतली चपटी बटण-बॅटरी संपली. बहुतेक यंत्रांत ती सीआर २०३२ या नावाची, ३ व्होल्टची असते आणि घड्याळाच्या दुकानातही मिळते. हिशेबवाल्याने याकडे कानाडोळा करू नये. यंत्राची तारीख चुकली की नव्याने जतन केलेली फाईल जुन्या तारखेची दिसते आणि ताजी प्रत कोणती हे कळत नाही.

थोडा वेळ चालतो आणि आपोआप बंद पडतो. हे गरम होण्याचं लक्षण. मळणीच्या दिवसांत भुसकट पंख्यात जाऊन बसतं. यंत्र बंद करून, पिन काढून, मऊ ब्रशने किंवा हवेच्या फुंकणीने धूळ काढा. फुंकताना पंख्याचं पातं काडीने अडवून धरा. ओलं फडकं आत घालू नका.

"बूट डिव्हाइस सापडत नाही" अशा अर्थाची इंग्रजी ओळ येते. लावलेला पेनड्राइव्ह काढून पुन्हा सुरू करून पाहा. तरी तेच आलं आणि आतून "टक टक" आवाज येत असेल तर यंत्र बंद करा आणि पुन्हा पुन्हा सुरू करून बघू नका. माहिती जिच्यात साठते ती हार्डडिस्क आजारी आहे. प्रत्येक वेळी सुरू केल्याने ती आणखी घासते.

पेनड्राइव्हमधल्या फाईलींच्या जागी नुसते शॉर्टकट दिसतात. बाहेरच्या यंत्रातून विषाणू आलाय. त्यावर टिचकी मारू नका. आधी अँटिव्हायरसने तपासून घ्या. फाईली बहुतेक वेळा आत दडलेल्या असतात. म्हणून फॉरमॅटची घाई नको.

काय करू नये? वीजपुरवठ्याचा डबा, ज्याला एसएमपीएस म्हणतात, तो कधीही उघडू नये. पिन काढल्यावरही त्यात धक्का बसण्याइतकी वीज राहू शकते. पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय यंत्र वापरू नये. वळवाच्या पावसात वीज कडाडू लागली की नुसतं बटण बंद करून भागत नाही. विजेची पिन आणि इंटरनेटची वायर, दोन्ही काढून ठेवाव्यात. विंडोज १० वापरणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं की १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याची नेहमीची मदत कंपनीने थांबवली आहे. यंत्र चालत राहील, पण विषाणूपासूनचं संरक्षण कमी झालं आहे.

दुकानात नेण्यापूर्वी

यंत्र बंद पडणं आणि माहिती जाणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे नीट समजून घ्या. इंजिन जळालं म्हणून विहिरीतलं पाणी जात नाही. पेटीतलं बाकी सगळं बिघडलं तरी हार्डडिस्क शाबूत असली, तर ती काढून दुसऱ्या यंत्राला जोडून फाईली काढता येतात. फॉरमॅट म्हणजे मात्र विहीरच बुजवणं.

म्हणून यंत्र देताना कागदावर लिहून द्या: "आधी माहिती बाहेर काढावी. मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये." आणि त्याची पोच घ्या. नव्या विंडोज यंत्रांत डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असू शकतं. त्याची ४८ आकडी किल्ली यंत्र चालू असतानाच काढून कागदावर लिहून ठेवा. किल्ली नसेल तर कुलूप कोणीच उघडू शकत नाही.

तीन प्रती, दोन जागा, एक घराबाहेर

बरेच जण सांगतात, "आमचं सगळं डी ड्राइव्हला ठेवलंय, काळजी नाही." बंधूंनो, सी आणि डी ही बहुतेक घरगुती यंत्रांत एकाच डिस्कची दोन नावं असतात. एकाच कणगीत मध्ये फळी टाकली म्हणून दोन कणग्या होत नाहीत. उंदीर लागला तर दोन्हीकडे लागतो.

पहिली प्रत यंत्रात. दुसरी पेनड्राइव्हवर. हा पेनड्राइव्ह फक्त हिशेबासाठी ठेवावा आणि काम झालं की काढून कपाटात ठेवावा. कायम लावून ठेवला तर विषाणू आणि वीज त्यालाही गाठतात. तिसरी घराबाहेर, म्हणजे स्वतःच्या ईमेलवर किंवा लेकीच्या, भावाच्या फोनवर पाठवलेली. आणि हंगाम संपला की एकदा छापून पावत्यांच्या फाईलला लावावी. कागदाला लाईट लागत नाही.

फाईलच्या नावात वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख घालावी, जसं 'हिशेब-२०२६-०६-१५'. मग प्रती आपोआप क्रमाने लागतात. प्रत काढायचा वार ठरवून टाका. बाजाराचा दिवस बरा, आठवण राहते. आणि महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवरची प्रत दुसऱ्या यंत्रात उघडून पाहा. बियाण्याची उगवण पेरणीआधी तपासतो, तशी ही तपासणी. न उघडणारी प्रत म्हणजे पोचट बी.

त्या दोघा भावांनी पुढे काय केलं? दुकानदाराची बिलं, बँकेचं पासबुक आणि थोरल्या वहिनींनी दिनदर्शिकेच्या चौकटींत लिहिलेली मजुरांची हजेरी, एवढ्यावरून त्यांनी एका वर्षाचा हिशेब पुन्हा उभा केला. दोन वर्षं गेली ती गेलीच. आता वहिनी दर बाजारच्या दिवशी स्वतः प्रत काढतात आणि पेनड्राइव्ह धान्याच्या डब्यात ठेवतात. बागेचा निर्णय त्यांनी एक बहार पुढे ढकलला आहे. पुढच्या वेळी तो अंदाजावर होणार नाही.

आपणही आज एवढंच करा. घरी हिशेबाची फाईल असेल तर तिची एक प्रत आज रात्रीच घराबाहेर पाठवा. फाईल नसेल तर दहा रकाने आखा आणि आजचा एक खर्च लिहा. अडलं तर आपल्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना विचारा, किंवा कार्यक्रमाला पत्र टाका. उत्तर रेडिओवरून देऊ.